कुष्ठरोगाचा पाठ शिकवताना फक्त दया पुरत नाही



३० जानेवारी जवळ आली की आपल्या शाळेत दरवर्षी एक सूचना येते. त्या दिवशी हुतात्मा दिन असतो आणि कुष्ठरोग निवारण दिनही असतो. परिपाठाला मौन पाळायचं, प्रतिज्ञा घ्यायची, फलकलेखन करायचं आणि मुलांना कुष्ठरोगाबद्दल चार शब्द सांगायचे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत माझी आजवरची नोकरी झाली. हे चार शब्द मीही दरवर्षी सांगत आले. ते कसे सांगावेत, याबद्दल आज लिहायचं आहे. कारण एका वर्षी मी ते चुकीचे सांगितले आणि त्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलीला मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्या जानेवारीत मी मोठ्या हौसेने बाबा आमटे आणि तुळशीराम यांची गोष्ट तयार केली. तुमच्यापैकी बहुतेकांना ती माहीत असेल. वरोऱ्यात भर पावसात गटाराच्या कडेला पडलेला एक रोगी बाबांना दिसला. बाबा घाबरून घरी पळाले. मग स्वतःच्याच भीतीची लाज वाटून परत आले, त्याला आडोसा केला आणि अखेरपर्यंत त्याची सेवा केली. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण मी ती रंगवून सांगितली. झडलेली बोटं, जखमा, अळ्या, घरच्यांनी टाकून दिलेला माणूस, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं केलं. वर्ग चिडीचूप झाला. दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आजचा पाठ जमला. टाचणवहीत ‘मूल्य : संवेदनशीलता’ असं लिहून मी मोकळी झाले.

महिन्याभराने कुष्ठरोग शोध मोहीम आली. आशाताई आणि आरोग्य सेवक घरोघर गेले, शाळेतही आले. ‘अंगावर फिकट, न खाजणारा चट्टा असेल तर सांगा,’ म्हणाले. माझ्या वर्गातून कुणीच हात वर केला नाही. मी आपली खूश, चला, आपल्याकडे कुणी नाही.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारी मुलं पंगतीला बसली होती. खिचडीचा टोप नुकताच उतरवून ओट्यावर ठेवलेला. एक मुलगी ताटं उचलायला वाकली आणि तिचा हात कोपराच्या खाली त्या टोपाला टेकला. टेकला तो टेकलाच. तिने हात मागे घेतला नाही. मदतनीस ताई ओरडली तेव्हा तिला कळलं. मी धावत जाऊन तिची लांब बाही वर केली. भाजलेल्या जागेच्या भोवती रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फिकट चट्टा होता.

“दुखतंय ना गं?” मी विचारलं.

“नाही बाई.”

“हा डाग कधीपासून आहे?”

“दिवाळीच्या आधीपासनं.”

“मग ते तपासायला आले होते तेव्हा सांगितलं का नाहीस?”

ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्हीच सांगितलं ना बाई, त्याला घरातनं काढतात.”

मित्रहो, त्या एका वाक्यानंतर मला माझ्या टाचणवहीतलं ‘संवेदनशीलता’ हे मूल्य आठवलं आणि मान खाली गेली. आपल्या दहा मूल्यांच्या यादीत ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हेही एक मूल्य आहे. त्या दिवशी मी ते वर्गाबाहेरच ठेवलं होतं. माझा पाठ ऐकून मुलं रडली, हे खरं. पण पाठ ऐकणाऱ्यांतच एखादं मूल त्या गोष्टीतला रोगी असू शकतं, हे माझ्या मनातही आलं नाही. मी सगळ्यांना बाबांच्या जागी उभं केलं. ती एकटी तुळशीरामच्या जागी उभी राहिली आणि घाबरली.

पुढचं थोडक्यात सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. तिच्या आजीला समजवायला दोन संध्याकाळी गेल्या. आजी म्हणाली, “वाडीत कळलं तर पोरीचं लगीन व्हायचं नाय.” आमच्याकडे जुनी माणसं या रोगाला अजूनही रगतपिती म्हणतात आणि तो शब्द उच्चारतानाही आवाज खाली आणतात. शेवटी आजी तयार झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तपासलं, चट्टे मोजले, नसा चाचपल्या आणि सहा महिन्यांचे औषध सुरू केले. गोळ्यांचं पाकीट महिन्याला एक, फुकट. पाचवीत गेल्यावर तिचा कोर्स पूर्ण झाला. हात नीट आहे. भाजल्याचा वण तेवढा राहिला.

औषध सुरू झाल्याची बातमी वाडीत पसरायला आठवडा पुरला. एका मुलीची आई शाळेत आली. “बाई, माझ्या पोरीला तिच्या शेजारी बसवू नका.” मी तिला रागावले नाही. रागावायचा मला अधिकारच नव्हता, कारण तिच्या मनातलं चित्र आणि मी वर्गात रंगवलेलं चित्र एकच होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मला नुकतंच समजलेलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून दुपारच्या पंगतीत मी त्या मुलीच्या शेजारी ताट घेऊन बसू लागले. भाषण वगैरे काही केलं नाही. पंधरा दिवसांत पंगत पूर्वीसारखी झाली.

या सगळ्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. वाचताना जपानमधल्या एका डॉक्टरांची माहिती मिळाली आणि मला माझाच पाठ पुन्हा आठवला. म्हणून ती गोष्ट इथे सांगते.

त्यांचं नाव मित्सुदा केन्सुके. जन्म १८७६चा. तरुणपणीच त्यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेला वाहून घेतलं. त्या काळी जपानमध्येही हे रोगी देवळांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला भीक मागत फिरायचे. दुसरे डॉक्टर त्यांच्याकडे फिरकत नसत, तेव्हा मित्सुदांनी सगळं आयुष्य त्यांच्यात घालवलं. टोकियोजवळच्या झेन्सेई रुग्णालयाचे ते प्रमुख होते. १९३० साली ओकायामा जिल्ह्यातल्या नागाशिमा नावाच्या बेटावर सरकारी कुष्ठधाम सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच झाले. आपण सगळे एक मोठं कुटुंब आहोत, असं ते म्हणत. त्या कुटुंबाचे वडील अर्थातच ते स्वतः. १९५१ साली जपान सरकारने त्यांना संस्कृती सन्मान दिला. पाठ्यपुस्तकात धडा म्हणून सहज शोभेल, असं हे आयुष्य आहे.

आता दुसरी बाजू. रोग्यांना समाजापासून कायमचं वेगळं ठेवलं पाहिजे, असं याच डॉक्टरांचं ठाम मत होतं. १९३१च्या कायद्याने जपानमध्ये प्रत्येक कुष्ठरोग्याला अशा धामात नेऊन ठेवायची सोय केली. एकदा आत गेलेला माणूस बहुतेक वेळा आतच म्हातारा व्हायचा. आत लग्न करायला परवानगी होती, पण त्यासाठी पुरुषाची नसबंदी करायची, ही पद्धत मित्सुदांनी १९१५ पासून सुरू केली. १९३६ साली नागाशिमाच्या रोग्यांनी गर्दी आणि हाल यांच्याविरुद्ध संप केला, आपला कारभार थोडा तरी आपल्या हातात असावा अशी मागणी केली. वडिलांना ते आवडलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर गुणकारी औषधं आली, रोग बरा होऊ लागला. तरीसुद्धा १९५१ साली संसदेपुढे बोलताना मित्सुदांनी सक्तीचं विलगीकरण आणखी कडक करा असाच सल्ला दिला. १९५३च्या नव्या कायद्यात सक्ती कायम राहिली. तो कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडावं लागलं. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. सरकारने अपील केलं नाही आणि रोग्यांची माफी मागितली.

आपण शिक्षक आहोत म्हणून त्या बेटावरच्या शाळेबद्दल सांगते. १९५५ साली तिथे रोगी मुलांसाठी हायस्कूलचे वर्ग सुरू झाले. बाहेरून येणारे शिक्षक अंगावर पांढरा डगला घालून शिकवायचे. मुलांना शिक्षकांच्या खोलीत यायची मनाई होती. काही विचारायचं असेल तर घंटीचं बटण दाबायचं, मग शिक्षक बाहेर येणार. विचार करून बघा. शिकवायला बोटीत बसून बेटावर जाणारे ते शिक्षक वाईट नक्कीच नसतील. त्यांच्या मनात दयाही असेल. पण मुलांनी रोज काय शिकलं असेल? गणित, भाषा शिकलीच असतील. त्याबरोबर ‘मी आत यायच्या लायकीचा नाही’ हेही शिकलं असणार.

पालकांसाठी जपानमधलीच आणखी एक घटना. कुमामोतोजवळच्या कुष्ठधामातल्या रोग्यांची मुलं एका वसतिगृहात राहत होती. या मुलांना स्वतःला रोग नव्हता. १९५४ साली त्यांच्यापैकी काहींना शेजारच्या कुरोकामी प्राथमिक शाळेत पहिलीत घालायचं ठरलं, तेव्हा पालक संघटनेतल्या अनेकांनी विरोध केला आणि स्वतःची मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. कुष्ठधामाचे संचालक डॉक्टर मियाझाकी मात्सुकी या मुलांच्या बाजूने उभे राहिले होते. यांना शाळेत घेतलंच पाहिजे, नाकारणं हा भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गंमत बघा, हेच मियाझाकी १९५१ साली संसदेपुढे मित्सुदांच्या बरोबरीने कडक विलगीकरणाची बाजू मांडून आले होते. मोठी माणसं बाहेर आली तर धोका, असं ज्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, त्यांनीच मुलांना आत घ्या म्हटल्यावर पालकांनी ऐकायचं कसं? भीती एकदा पेरली की ती आपल्या सोयीने कापता येत नाही. पुढे हेच डॉक्टर भारतात आले आणि आग्र्याला जपानी लोकांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या ‘जालमा’ या कुष्ठरोग केंद्राचे पहिले संचालक झाले. १९७२ साली दिल्लीजवळच्या विमान अपघातात ते गेले. जालमा १९७६ पासून आपल्या सरकारकडे आहे.

मला ही माणसं खलनायक वाटत नाहीत. मित्सुदांची दया खोटी नव्हती. पण त्या दयेत रोग्याला विचारायची पद्धत नव्हती. तुला काय हवंय, घरी जायचंय का, शिकायचंय का, हे प्रश्न नव्हते. माझ्या चौथीच्या पाठातही ते नव्हते. माझ्या गोष्टीत बाबा बोलत होते, तुळशीराम फक्त पडून होता.

म्हणाल, जपानचं काय सांगता, आपल्याकडे बघा. तर आपल्याकडेही हा प्रवास सोपा झालेला नाही. मुंबईत वडाळ्याला ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली ते बेघर रोग्यांचं आश्रयस्थान म्हणून सुरू झालं. मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी ते उभारलं. मराठी शिकवणाऱ्यांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असेल. शाळिग्रामांच्या बरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲक्वर्थ ते हेच. आश्रय मिळाला हे चांगलंच झालं. पण १८९८च्या कायद्याने रस्त्यावर भीक मागणाऱ्या गरीब रोग्याला वॉरंटशिवाय पकडून अशा ठिकाणी ठेवायची मुभा पोलिसांना मिळाली. हा कायदा पुस्तकातून पुसला गेला २०१६ साली. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं, ते संसदेने २०१९ साली काढलं. म्हणजे आपल्या वर्गात आज बसलेल्या काही मुलांच्या जन्मानंतर. आजीची ‘लगीन व्हायचं नाय’ ही भीती हवेतून आलेली नव्हती.

पण आपल्या महाराष्ट्रात एक वेगळी वाटही पाडली गेली, आणि माझ्या मते मुलांना हीच वाट सांगायला हवी. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं. सेवाग्रामला संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा धुतल्या, मालीश केलं. अमरावतीत डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, हे होमिओपॅथीचे डॉक्टर. त्यांनी १९४६ साली तपोवन उभारलं आणि रोग्यांच्या हाताला काम दिलं. बाबा आमटे तर वकील. कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला ते कलकत्त्याला गेले. त्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं, तेव्हा जमीन खडकाळ होती, सोबत मोजकी माणसं आणि एक लंगडी गाय होती. तिथल्या लोकांनी विहीर खणली, शेती पिकवली, माग चालवले. पुढे वरोऱ्याच्या मुलांसाठी कॉलेज उभं राहिलं, तेही याच हातांनी. नुसत्या दानाने माणूस दुबळा होतो आणि काम मिळालं की तो उभा राहतो, ही बाबांची भूमिका होती.

मी वर्गात गोष्ट सांगितली ती तुळशीरामपाशी संपली. खरं तर ती तिथे सुरू होते. ज्यांना गावाने टाकलं त्यांनी गावासाठी कॉलेज बांधलं, हा भाग मी गाळला. तो सांगितला असता तर त्या मुलीने कदाचित हात वर केला असता. आपल्या यादीतलं ‘श्रमप्रतिष्ठा’ हे मूल्य शिकवायला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

आपल्या रायगडातही लांब जायला नको. माथेरानच्या डोंगराच्या अलीकडे आम्ही कर्जतकर, पलीकडे पनवेल तालुक्यात नेऱ्याजवळ शांतिवन आहे. कुष्ठरोग निवारण समितीचं हे काम कित्येक दशकं चालू आहे. आपल्यातल्या किती शिक्षकांनी मुलांना त्याचं नाव सांगितलंय?

तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणते. आनंदवन, तपोवन, शांतिवन ही ठिकाणं वंदनीय आहेत, पण ती उभारावी लागली कारण गावांनी आपली माणसं बाहेर काढली. अशी नवी वसाहत लागू नये, हे बघणं आपलं काम आहे. वर्ध्याला १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाने गावोगाव जाऊन पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. रोग्याला धामात आणण्याऐवजी औषध त्याच्या दारात न्यायचं. आज आशाताई आपल्या वाडीवर येते ती याच वाटेने. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, १९८३ पासून तो आपल्याकडे आला आणि रोग घरी राहून, शाळेत जाऊन बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशातलं प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. रोग संपला असं मात्र समजू नका. देशात अजूनही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त. आपल्या आदिवासी वाड्याही त्यात आहेत, आणि लहान मुलंही आहेत.

मग वर्गात नेमकं काय सांगायचं? मी आता जे सांगते ते लिहिते. पटलं तर घ्या, सुधारा.

पहिलं, हा एका जंतूने होणारा रोग आहे. नॉर्वेच्या हान्सेन या डॉक्टरांनी १८७३ साली तो जंतू शोधला. पाप, शाप, नजर, वंश यांचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरं, हात मिळवून, शेजारी बसून, एका पंगतीत जेवून तो होत नाही. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ, जवळच्या सहवासात श्वासावाटे जंतू पसरतात. तरीसुद्धा बहुतेक माणसांच्या अंगात त्याला रोखायची ताकद असते. औषध सुरू झालं की पसरणं लवकरच थांबतं. सहवासातल्या माणसांना आरोग्य खातं प्रतिबंधक गोळीचा एक डोसही देतं.

तिसरं, चट्टा कसा ओळखायचा. त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर, आणि तिथे स्पर्श, गरम-थंड, टोचणं कमी कळतं किंवा कळत नाही. खाज येत नाही. गजकर्ण खाजतं. कोड पांढरं फटक असतं आणि तिथे स्पर्श कळतो, कोड हा कुष्ठरोग नव्हे. हा फरक मुलांना सांगाच, कारण कोड असलेल्या मुलांनाही आपल्याकडे फुकाचं चिडवलं जातं. आणि चट्टा दिसला तरी निदान आपण करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

चौथं, बोटं ‘झडत’ नाहीत. जंतू नसांना इजा करतात, बधिरपणा येतो. मग चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळत जाते, हाडापर्यंत पोचते आणि बोट आखूड होत जातं. म्हणजे वेळेवर औषध घेतलं तर हे टळतं. माझ्या विद्यार्थिनीचा टोपाला टेकलेला हात मला हेच सांगत होता. हे विज्ञान चौथीच्या मुलाला नीट समजतं, मी करून बघितलंय. डोळे मिटून कापसाने हाताला स्पर्श करायचा आणि कुठे कळलं ते बोटाने दाखवायचं, हा खेळ घ्या. बधिरपणा म्हणजे काय, हे मुलं स्वतः सांगतात. फक्त हा खेळ सगळ्यांबरोबर घ्या. कुणा एकाला पुढे बोलावून तपासू नका.

पाचवं, औषध फुकट आहे आणि रुग्णाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं. मध्येच सोडायचं नाही. हा रोग बरा होतो. हे वाक्य गोष्टीच्या शेवटी सांगू नका, सुरुवातीलाच सांगा. भीती बसल्यावर सांगितलेलं कानापर्यंत पोचत नाही.

आणि शब्द जपा. ‘महारोगी’ हा शब्द जुन्या संस्थांच्या नावांत आहे, तो त्या काळाचा. आज वर्गात तो नको. ‘कुष्ठरोग झालेली व्यक्ती’ म्हणू या. बरा झाला की तो रुग्णही उरत नाही. ताप येऊन गेलेल्याला आपण जन्मभर तापकरी म्हणत नाही ना?

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. चट्टा दिसला तर लपवू नका, मलमं चोपडत महिने घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आणि शेजारच्या घरी असं काही झालं तर आपल्या मुलाला त्या दाराकडे जायचं थांबवू नका. तुमचं मूल तुमच्याकडे बघून शिकतं, आमच्या फलकाकडे बघून नाही.

निबंध, भाषणं यांबद्दलही थोडं. ‘कुष्ठरोग्यांची सेवा करणारे थोर पुरुष’ हा विषय आपण मुलांना देतो. त्याऐवजी कधी ‘औषध घेऊन शाळेत परत आलेली माझी मैत्रीण’ असा देऊन बघा. पहिल्या विषयात मुलं देवमाणूस शोधतात. दुसऱ्यात आपण स्वतः कसं वागू, ते लिहितात. थोर डॉक्टरांबद्दल जरूर सांगा, मित्सुदांबद्दलही सांगा, त्यांची सेवा आणि त्यांची चूक दोन्ही. मोठी माणसंसुद्धा चुकतात, म्हणून ज्याच्यासाठी काम करतो त्याला विचारत राहावं लागतं, हे दहा वर्षांच्या मुलाला समजतं. आपल्यालाच ते समजायला उशीर होतो.

ती मुलगी आता हायस्कूलला जाते. परवा बाजारात भेटली. तिने दुरूनच ओळखलं, “बाई!” म्हणून हाक मारली. हातात मेथीच्या जुड्या होत्या. त्यातली एक मला दिली, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी जुनी टाचणवही काढली आणि त्या पाठाच्या पानावर लाल पेनने लिहिलं : पुन्हा शिकवायचा, सुरुवात ‘हा रोग बरा होतो’ इथून.

येत्या ३० जानेवारीला तुम्ही हा विषय कसा घेणार आहात, जरूर कळवा.